रायरांच्या गच्चीवरचा दिवा

राघोत्तमरावांना राघोत्तमराव म्हणणारी आमच्या गल्लीत मी एकटी. बाकी सगळ्यांचे ते 'रायर', म्हणून इथेही रायरच लिहिते. तंजावरकडच्या मराठी माणसाला इथले तमिळ लोक रायर म्हणतात. त्यात मान आहे आणि 'तू मूळचा आमच्यातला नव्हेस' हेही आहे, मग तुमच्या दहा पिढ्या इथल्याच मातीत गेलेल्या असोत. मी इचलकरंजीची. इथल्या गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी लागली आणि एन्नोरमध्ये मराठी घरमालक मिळाला, तेव्हा वाटलं नशीब उघडलं. पहिल्याच दिवशी त्यांनी जिन्यात अडवून विचारलं, "जेवण जालें कां गे?" मी हो म्हटलं. "काय जेवलीस?" पाव-बटर, असं सांगितल्यावर जी मान हलवली, ती बघून मला माझ्या बापाची आठवण झाली आणि रागही आला. मला राग लवकर येतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे तो बराच येणार आहे.

सत्तरी ओलांडलेले, काटकुळे. पांढरी वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खिशात पेनच्या जागी टेस्टर. बोलणं असं, की जुन्या पोथीतलं मराठी तमिळच्या हेलात चालायला लागलं आहे. विजेला ते 'करंट' म्हणायचे, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसे तिच्याबद्दल बोलायचे. चौतीस वर्षं त्यांनी कोळशावरच्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढली होती. त्या नोकरीतली एक सवय त्यांच्या हाडात उतरली होती. दुसरा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. आणि सोडताना काय चालू आहे, काय बंद आहे, ते तोंडाने सांगून मगच म्हणायचं, "शिफ्ट घे." निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी गॅसवर दूध ठेवून दारात कोणी आलं की मला खालून हाक यायची, "सावनी! दूध चालूं आहे, गॅस मंद आहे. शिफ्ट घे गे!" आणि मी जिना उतरून त्यांच्या दुधाची शिफ्ट घ्यायची.

एन्नोर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगते, की सकाळी वाळत घातलेला पांढरा कुर्ता संध्याकाळी पुन्हा धुवावा लागतो. एका बाजूला खाडी, एका बाजूला बंदर, मध्ये वीज केंद्राची धुराडी. इथली वीज सगळ्या शहराला जाते आणि इथेच जरा वारा सुटला की दिवे जातात. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण ज्याने केली तो पिल्लैयार कोविल तेरूत, म्हणजे आमच्या गणपतीच्या देवळाच्या गल्लीत, भाड्याने राहून गेला असणार.

२०१५ च्या पुरात रायरांची बायको गेली. कमलिनी नाव. मी तिला फक्त फोटोत पाहिलं आहे. तिला मधुमेह होता आणि पायाला जखम झाली होती. पाणी चढलं, अंगात ताप भरला, गल्लीत मिट्ट अंधार. हे दोघं गच्चीवर बसून होते. पलीकडच्या गल्लीत एका घरी जनरेटरचा दिवा होता, बोट त्या दिव्याच्या अंदाजाने तिकडे गेली आणि तिकडूनच परतली. यांनी खूप हाका मारल्या. पावसात हाक किती लांब जाणार? दोन दिवसांनी तिला दवाखान्यात नेलं, तोवर पाय काळा पडला होता. तीन आठवड्यांत संपलं. हे सगळं त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "अंधार होता म्हणून आमचें घर दिसलें नाहीं. एवढेंच जालें."

मग त्यांनी गच्चीवर सोलर लावलं. पॅनेलं वर, आणि आठ मोठ्या बॅटऱ्या पहिल्या मजल्याच्या जिन्यात, अगदी माझ्या दाराला लागून. पाणी कितीही चढलं तरी तिथवर येणार नाही, म्हणून. घरात शिरायला मला रोज पोट आत ओढावं लागे. आणि गच्चीवर एका लोखंडी नळीच्या टोकाला एक दिवा. नऊ वॅटचा, साधा. तो रोज संध्याकाळी ते स्वतः जाऊन लावायचे. मी म्हटलं, टायमर बसवून देते, शंभरभर रुपयांचं काम आहे. म्हणाले, "दिवा माणसानें लावायचा असतो." कार्तिकैच्या सणाला इथे घराघरांसमोर पणत्यांच्या रांगा लागतात. रायरांच्या घरी तो सण वर्षभर चालायचा, एवढंच.

समोरच्या घरात सरोजा राहायची. साठीची, इडल्या विकणारी. दुपारी बारापर्यंत तिच्या ओट्यावर माणसं, आणि बारानंतर ती आणि रायर यांचं भांडण. विषय ठरलेला. ती म्हणायची, "रायरे, तुमच्या लोकांच्या सांबारात गूळ कशाला?" हे म्हणायचे, "सांबार आमच्याच लोकांनी केलें, तुम्हांला शिकवलें, आतां आम्हांलाच विचारता?" असं वर्षानुवर्षं. तिचा फ्यूज उडाला की हेच जाऊन बांधायचे. मग तिच्या छातीचं दुखणं वाढलं. फुप्फुसं कामातून गेली, असं डॉक्टर म्हणाले. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. वीज असली की ते खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडतं. वीज नसली की ते नुसतं कपाट.

रायरांनी ते फार मनाला लावून घेतलं होतं. मला एकदा म्हणाले, "मी चौतीस वर्षें करंट केला. त्याची राख तिच्या छातींत बसली." सरोजाच्या कानावर ते गेलं तेव्हा ती खोकत खोकत हसली. "चुलीचा धूर आहे तो, रायरे. प्रत्येक गोष्टीत तुमचंच नाव कशाला?"

पण ते ऐकणाऱ्यातले नव्हते. त्यांनी आपल्या इन्व्हर्टरवरून थेट तिच्या घरात एक वायर टाकली. वीज गेली की तिचं मशीन रायरांच्या बॅटरीवर चालायचं. तीन वर्षं ते असं चाललं, एकदाही दगा नाही. माझ्या इंजिनिअर डोक्यालाही ते पटलं होतं. मी तर कारखान्यात लोकांना सांगायची, आमच्या मालकांकडून शिका.

मग ती संस्था आली. नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. दिव्यश्री नावाची एक मुलगी टॅब घेऊन दारोदार फिरत होती. ज्या घरांवर सोलर आहे त्यांची यादी करायची, पुरात ती घरं शेजाऱ्यांसाठी निवारे म्हणून वापरायची, आणि बोटवाल्यांना ती यादी द्यायची. रायरांचा चेहरा असा फुलला, की मला वाटलं आता हे तिला जेवायलाच बसवतील. बसवलंच. फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून मी भरला. बॅटरी? आठ. संडास? दोन. किती माणसं झोपू शकतील? चाळीस. पुरात कोरडं राहतं? हो. वीज? उपलब्ध. विशेष मदतीची गरज? 'नाही'. खाली माझी सही. दिव्यश्रीने गच्चीवरच्या दिव्याचा फोटो काढला आणि म्हणाली, लांबून दिसेल असं काहीतरी प्रत्येक निवाऱ्यावर हवंच.

मागच्या डिसेंबरात वादळाची बातमी आली ती शनिवारी. त्याच दुपारी सरोजाचा मुलगा कार्तिक रिक्षा घेऊन आला. तो शहरात तिरुवल्लिकेणीला एका खानावळीत स्वयंपाकी आहे, तिथल्याच एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, चौघांत एक खोली करून राहतो. त्याच्या मालकाच्या ओळखीने एका छोट्या नर्सिंग होममध्ये तीन दिवसांसाठी खाट मिळाली होती. त्याने आईची पिशवी भरली. रायर ओट्यावर येऊन उभे राहिले.

"कशाला हलवतोस तिला?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं. "रिक्षात तासभर धक्के खात? दवाखान्यात अनोळखी माणसं. माझ्या घरी करंट आहे, गल्लीतली माणसं आहेत, ही सावनी आहे. उद्या सकाळी आईला माझ्याकडे वर आणून ठेवू."

कार्तिकने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आठ बॅटऱ्या आहेत, कार्तिक. तुझ्या नर्सिंग होममध्ये तरी आहेत का?" आणि हसलेसुद्धा. त्याने रिक्षावाल्याला थोडे पैसे देऊन परत पाठवलं. सरोजाने पिशवी पुन्हा खुंटीला लावली, आणि तो संध्याकाळच्या कामावर परत गेला.

रविवारी रात्रभर पाऊस पडला. सोमवारी सकाळी गल्लीत गुडघाभर पाणी, दुपारी दोनला वीज गेली, चारपर्यंत पाणी कमरेला. सरोजाला आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीसकट चौघांनी उचलून आधीच वर आणलं होतं, माझ्या पलंगावर. तिचं मशीन माझ्या टेबलाशेजारी घरघरत होतं. आणि मग माणसं यायला लागली. पोरं, म्हातारे, एक शेळी, दोन गॅस सिलेंडर. सरोजा धरून पस्तीस माणसं. सोमवारची ती संध्याकाळ मी विसरणार नाही, कारण ती सुखाची होती. सगळी गल्ली काळीठिक्कर आणि आमच्याकडे दिवे. रायर मुलीच्या लग्नात वधूपित्याने फिरावं तसे खालीवर करत होते. "जेवण जालें कां? फोन लावला कां चार्जिंगला?" शेळीलासुद्धा विचारलं असेल. मी चाळीसेक माणसांच्या भाताला पाणी घालत होते आणि मनात म्हणत होते, बघा, एवढंसं काम, सरकारला जमत नाही.

बॅटरीवर लक्ष ठेवायला त्यांनी शिफ्टा लावल्या. ते आणि मी, सहा-सहा तास. प्रत्येक वेळी तेच. जिन्यात उभं राहायचं, मीटरवर बोट ठेवायचं. "शहाऐंशी टक्के. मशीन चालूं. पाऊस चालूं. शिफ्ट घे."

मंगळवारी सकाळी सत्तावन्न. रायर निश्चिंत होते. ढगाळ दिवशीही पॅनेलं चौथाई तरी देतात, हा त्यांचा हिशोब, आणि तो चूक नव्हता. पण त्या दिवशी आकाश ढगाळ नव्हतं, ते जमिनीवर आलेलं होतं. सकाळी नऊला घरात ट्यूब लावावी लागत होती. पॅनेलांतून येत होतं ते न आल्यासारखंच. मी पंखे बंद केले, फोन बंद केले, पाण्याचा पंप बंद केला. एका बाईने बाळाच्या दुधासाठी इलेक्ट्रिक किटली लावली तेव्हा मी तिच्यावर एवढी ओरडले, की बाळ घाबरून रडायला लागलं. मग गच्चीवरचा दिवा बंद करायला निघाले तर रायर आडवे आले.

"नऊ वॅट, बाळ. नवानें काय होतें?"

"काहीच होत नाही. मग कशाला हवाय?"

"बोटीला घर दिसायला पाहिजे," ते म्हणाले. मी माघारी फिरले. कमलिनीच्या फोटोसमोर उभं राहून बोलत होते ते.

चार वाजता बोट आली. मच्छीमारांची, दोन माणसं वल्ह्यावर आणि संस्थेचा पिवळं जाकीट घातलेला एक जण. त्यांनी खालूनच विचारलं, कोणी पेशंट आहे का, दोघांपुरती जागा आहे. रायर माझ्या खोलीच्या खिडकीत होते, मी त्यांच्या मागे. पलंगावर सरोजा उठून बसली. तिने ती पिशवी, खुंटीवरची, मांडीवर घेतली होती आणि एक पाय खाली सोडला होता. हे मी पाहिलं. रायरांनीही पाहिलं असणार.

"पेशंट आहे," रायर ओरडून म्हणाले. "पण इथे करंट आहे! पलीकडच्या अंधाऱ्या घरात माडीवर पोटुशी बाई आहे, आधी तिला न्या. इकडे उद्या सकाळी या!"

मीटरवर चव्वेचाळीस टक्के होते. मशीन सकाळी सातपर्यंत चालेल, त्यानंतर थोडं तरी ऊन येईल, आणि बोट तर येणारच आहे. मीही मनात तोच हिशोब केला. क्वालिटीत काम करते मी, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढते. या हिशोबात मला एकही चूक सापडली नाही. पिवळ्या जाकिटाने अंगठा वर केला. बोट तिकडे गेली, त्या बाईला आणि तिच्या सासूला घेऊन निघाली. सरोजाने पाय वर घेतला. पिशवी उशाशी ठेवली. मला म्हणाली, "चांगलं केलं रायरने. तिचे दिवस भरलेत."

बुधवारी पहाटे सहाला बारा टक्के. मी संस्थेच्या नंबरवर लावत होते, दहाव्या वेळी दिव्यश्रीने उचलला. मी सांगितलं तसं तिने यादी उघडली. म्हणाली, "अक्का, तुमच्या घराला हिरवा ठिपका आहे. बोटी आधी लाल ठिपक्यांकडे जातात." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती रडायला लागली, म्हणाली आत्ता लाल करते, आत्ताच करते, आणि फोन तुटला. नंतर लागलाच नाही. तिने ठिपका लाल केलाही असेल. तो बघायला बोटवाल्यांचे फोन तरी कुठे चालू होते?

साडेसहाला गल्लीच्या तोंडाशी बोट दिसली. आम्ही सगळे गच्चीवर धावलो. पस्तिसातले तीस तरी असू. ओरडलो, शर्ट फिरवले, मी ताट घेऊन वाजवलं. अजून नीट उजाडलं नव्हतं आणि नळीवरचा दिवा आमच्या डोक्यावर जळत होता. बोटीतल्या माणसाने आमच्याकडे बघितलं. दिव्याकडे बघितलं. आणि हात हलवून आम्हाला उत्तर दिलं. हसूनच दिलं असावं. लख्ख घर, गच्चीभर माणसं हात हलवताहेत, त्याला काय वाटणार? बोट वळून अंधाऱ्या गल्लीत गेली.

रायर नळीपाशी गेले आणि त्यांनी दिवा फिरवून काढला. गरम होता, तो हातातच धरून उभे राहिले. मी म्हटलं, आता काढून काय उपयोग? असं म्हणायला नको होतं.

सातला इन्व्हर्टर बंद पडला. बॅटरी फार उतरली की तो आपोआप बंद होतो, बॅटरी खराब होऊ नये म्हणून. रायरांनी झाकण उघडलं, टेस्टर दातांत धरला आणि दोन वायरी काढून थेट जोडल्या.  मशीन पुन्हा सुरू झालं. पस्तीस मिनिटं चाललं. मग त्यातून एक बारीक शिटी वाजायला लागली आणि तीही खाली खाली जात थांबली. घरघर बंद झाल्यावर खोलीत पावसाचा आवाज किती मोठा आहे ते कळलं.

आम्ही खिडक्या उघडल्या, सुपाने वारा घातला. त्याने काय होतं? काही होत नाही, हे मला माहीत होतं, रायरांना माहीत होतं. सरोजाचे ओठ निळे पडत चालले होते. तिने विचारलं, "रायरे, करंट गेला का?"

"नाही," रायर म्हणाले. "आहे."

तिने मान हलवली. बराच वेळ ती त्यांच्याकडेच बघत होती. नऊच्या सुमाराला गेली. सुपाने वारा घालणारी बाई त्यानंतरही थोडा वेळ घालत राहिली. बोट दोनला आली. ठिपका लाल झाला होता.

गुरुवारी असं ऊन पडलं, की डोळे दिपावेत. दुपारपर्यंत बॅटऱ्या निम्म्या भरल्या. सरोजाच्या मशीनचं बटण कोणी बंद केलं नव्हतं. रायरांनी वायरी पूर्ववत लावून वीज सुरू केली, तेव्हा ते रिकाम्या पलंगाशेजारी आपोआप चालू झालं. मी धावत जाऊन प्लगच उपटला.

संध्याकाळी कार्तिक आला, कमरेपर्यंत चिखलाने माखलेला. मला वाटलं तो ओरडेल, मारेल. मी तयार होते, खरं तर मला ते हवंच होतं. त्याने आईचा चेहरा पाहिला, पिशवी उचलली आणि रायरांना म्हणाला, "मामा, शनिवारी मी रिक्षा घेऊन आलो होतो." बस्स.  एवढा बोलका माणूस, 'जेवलास का' एवढंही रायरांच्या तोंडून आलं नाही.

दोन महिन्यांनी संस्थेने कार्यक्रम केला. पुरात सौर घरांनी किती माणसं वाचवली त्याचा. आमच्या घराचा आकडा चौतीस. रायरांच्या खांद्यावर शाल घातली, आणि फाटकावर निळा बोर्ड ठोकला. त्यावर तमिळ आणि इंग्रजीत 'आपत्कालीन निवारा' आणि खाली सूर्याचं चित्र. मी तिथेच भांडायला उभी राहिले. सरोजाचं नाव कुठे आहे, हिरवा ठिपका कोणी दिला, 'करंट आहे' म्हणजे 'सगळं ठीक आहे' हे कोणी ठरवलं?  दिव्यश्रीने टॅब माझ्यापुढे धरला. माझाच फॉर्म. विशेष मदतीची गरज: नाही. खाली माझी सही. तो भरला त्या दिवशी सरोजा समोर ओट्यावर भांडी घासत होती आणि रायरांशी गुळावरून वाद घालत होती. मशीन तिचं, घर तिचं; फॉर्म आमच्या घराचा. मला वाटलंच नव्हतं.

तेव्हापासून रायर माझ्याशी नीट बोलतात, पण शिफ्ट घे म्हणत नाहीत. दूध स्वतःच बघतात, उतू गेलं तर पुसतात. संध्याकाळी गच्चीवर जातात, नळीशी उभे राहतात आणि उतरतात. दिवा पुन्हा बसवला नाही. मी एकदा म्हटलं, चूक तुमची नव्हती. त्यावर म्हणाले, "मग कोणाची? नांव सांग." मला माझं सांगावंसं वाटलं, पण मी सांगितलं नाही.

या नोव्हेंबरात पुन्हा वादळ आलं. दुपारी तीनची वेळ, आभाळ शाईसारखं. घोट्याएवढं पाणी झालं होतं आणि मी कारखान्यातून लवकर येऊन खिडकीत उभी होते. मागच्या गल्लीतलं एक जोडपं फाटकाशी आलं. त्याच्या पाठीवर त्याचा म्हातारा बाप होता, बाईच्या डोक्यावर प्लास्टिकने झाकलेलं खोकं. खोक्यातून नळी लोंबत होती. मला लगेच कळलं कसलं मशीन ते. नवीन माणसं होती, आमची हकीकत त्यांना माहीत नसावी. बोर्ड वाचून आली होती.

रायर ओट्यावर बसले होते. फाटकाला कुलूप. ते उठले, पावसात फाटकापर्यंत गेले आणि गजांतून बोलायला लागले. इकडे नको, म्हणाले. दवाखान्यात जा. जिथे दिवा नाही अशा घरात जा, बोट तिकडे येते. तो माणूस बोर्डाकडे बोट दाखवत होता, वरच्या पॅनेलांकडे दाखवत होता. रस्ता बंद झालाय, बस नाही, रिक्षा नाही, कुठे जाऊ? बाप त्याच्या पाठीवर खोकत होता. रायरांनी हात जोडले. ते मागे फिरले, पुन्हा पुढे गेले, कुलपाला हात लावला, काढून घेतला.

मग त्यांनी वर बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा हाक मारली. "सावनी! माझ्यानें होत नाहीं गे. शिफ्ट घे!"

फाटकाची दुसरी किल्ली माझ्या खोलीत खिळ्याला आहे, दारापासून हातभर अंतरावर. बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या होत्या. मी मनात हिशोब करायला लागले, शंभर टक्के, एक मशीन, दोन दिवस पाऊस. मग मी खिडकीतून मागे सरले, त्यांना दिसणार नाही अशी, आणि भिंतीला टेकून उभी राहिले. त्यांनी आणखी दोनदा हाक मारली. मी उतरले नाही. थोड्या वेळाने पाण्यातून चालत जाणाऱ्या पावलांचा आवाज आला, खोकला आला, आणि तो कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता.